सोळा एप्रिलची नोंद

९ फेब्रुवारी

चिंगे,

हे पत्र कामाचं आहे हे आधीच सांगते, म्हणजे निदान पहिलं पान तरी वाचशील.

गेल्या आठवड्यात संग्रहालयात एक संशोधक बाई आल्या होत्या. वयाने तुझ्याएवढ्या. जाड काचांचा चष्मा, तो बोलता बोलता कपाळावर चढवायचा आणि मग टेबलभर शोधत बसायचं. आम्ही आपसात त्यांना चष्मेवाली म्हणतो. त्यांनी आमच्या कीटकांच्या खोलीतल्या पेट्या एकेक करत उघडल्या आणि अठ्ठाविसाव्या पेटीपाशी ज्या बसल्या, त्या संध्याकाळी शिपायाने किल्ल्या वाजवेपर्यंत उठल्या नाहीत.

त्या पेटीत माझे पतंग आहेत. तुला आठवत असेल, मी त्यांना सालवाले म्हणायचे. तुतीच्या सालीवर पंख पसरून, पोट टेकवून असे काही बसतात की हात ठेवला तरी कळत नाही. अंगाने राखाडी-तपकिरी, पुढच्या पंखांवर दोन काळ्या नागमोडी रेघा, कुणी टाक घेऊन एका दमात ओढल्यासारख्या. नराच्या मिशा पिसासारख्या, मादीच्या साध्या दोऱ्यासारख्या. मादी जरा मोठी, जरा फिकट. पुस्तकात या जातीची एकच मादी नोंदलेली होती, तीही जुनी आणि पंख फाटलेली. तिची अळी कशी असते, काय खाते, कोष कुठे करते, कुणालाच ठाऊक नव्हतं. ते मी शोधलं. एवढंच काय ते माझं आयुष्यातलं शोधकार्य.

तर चष्मेवालीचं म्हणणं असं, की माझे पतंग त्या जुन्या मादीच्या जातीचे नाहीतच. शेजारची, पण वेगळी जात आहे, आणि तिला नाव नाही. त्या नाव देणार आहेत. मला विचारलं, "तुम्ही वाढवलेत हे. कुणाचं नाव द्यावंसं वाटतं?"

मी म्हटलं, "माझ्या वडिलांचं."

तोंडातून निघूनच गेलं. त्या खूश झाल्या, लगेच वहीत टिपून घेतलं. अप्पा छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासायचे, माझ्या लेबलांवरच्या चुका शेवटपर्यंत पेन्सिलीने दुरुस्त करायचे, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, याहून योग्य नाव सापडणार नाही.

अप्पा तुझेही वडील. तेव्हा तुझी संमती हवी. नियमाने लागत नाही, मला लागते. एका ओळीत कळव. नुसतं 'हो' लिहिलंस तरी चालेल.

बाकी ठीक. मे अखेरीस मी निवृत्त होते. जागा तीच आहे. तुझी खोली मी अळ्यांच्या बरण्यांना दिली आहे, रागावू नकोस, खिडकी उत्तरेची आहे.

ताई

२ मार्च

चिंगे,

उत्तर आलं नाही. पत्ता बरोबर आहे, हे मी तुझ्या दवाखान्यात फोन करून विचारलं. तिथल्या मुलीने सांगितलं, मॅडम पेशंटचे गुडघे वाकवून घेताहेत, कोण म्हणून सांगू? मी म्हटलं, कुणी नाही, पत्ता तपासत होते.

या वर्षी पुन्हा अळ्या वाढवते आहे. चष्मेवालीला प्रत्येक अवस्थेची चित्रं हवी आहेत. जुन्या पाणीपुरवठा केंद्राच्या मागे तुतीची ती रांग अजून आहे. एकोणीस झाडं होती, चौदा उरली. पंप बंद पडून बरीच वर्षं झाली. टाकीला तडे गेलेत, कुंपणाची तार गंजली आहे, पण रखवालदार तोच. मला पाहून म्हणाला, "बाई, तुम्ही मध्यंतरी आलाच नाहीत. मला वाटलं, गेलात."

"कुठे जाणार?"

"तेच की. म्हटलं गेलात."

मग आम्ही दोघंही हसलो. त्याच्याशी बोलले तेव्हा लक्षात आलं की शुक्रवारपासून मी कुणाशी बोलले नव्हते. तेव्हा सोमवार होता.

मादी सालीच्या फटींत अंडी घालते. पोटाचं टोक लांबवून, आत खुपसून, एकेक. मोहरीच्या दाण्याहून लहान, हिरवी. आठ-दहा दिवसांत जांभळट काळी पडली की समजायचं, आता फुटणार. बाहेर येणारी अळी डोळ्याच्या पापणीतल्या केसाएवढी असते आणि जन्मल्या क्षणापासून वीत टाकत चालते. शेतकरी अशा अळीला उंटअळी म्हणतात, कारण पाठीची कमान होते. पुढे तीन जोड पाय, मागे दोनच जोड, मधे सगळं मोकळं. मग करणार काय बिचारी? पुढचं टोक रोवायचं, मागचं ओढून त्याला भिडवायचं, पुन्हा पुढचं टाकायचं.

मोठी झाली की ती काटकी होते. खरंच काटकी. मागच्या पायांनी फांदी धरते, अंग तिरकं ताठ करते आणि तोंडातून काढलेल्या एका धाग्याने स्वतःला फांदीला बांधून घेते, ताण पडू नये म्हणून. अंगावर डोळ्यांसारख्या गाठी, तुतीच्या कळीच्याच रंगाच्या. दिवसभर हलत नाही. एकदा मी वाळलेली काटकी म्हणून कात्रीने छाटायला गेले आणि ती वाकली. अप्पांना सांगितलं तर ते म्हणाले होते, "म्हणजे मजकूर बरोबर आणि वाचणारा चुकीचा."

त्यांचं असं बोलणं शेवटच्या वर्षातही मधूनच यायचं. तुला फोनवर ते फक्त हवापाणी विचारायचे म्हणून तुला वाटलं असेल की सगळं पुसलं गेलं. तसं नव्हतं.

चष्मेवालीचा काल फोन होता. नाव ज्या नमुन्यावरून द्यायचं, त्याची मूळ नोंदवही हवी म्हणाल्या. सोळा एप्रिलचं पान. त्याचा फोटो लेखात छापायचा आहे. मी म्हटलं, शोधावी लागेल.

वही कपाटात आहे. शोधायला नको.

तू 'हो' कळवलं असतंस तर बरं झालं असतं.

ताई

२१ मार्च

चिंगे,

हे पत्र मी चारदा सुरू केलं. पहिल्या तीन वेळी हवामान लिहिलं.

चष्मेवाली मंगळवारी स्वतःच आल्या. वही न द्यायला काही कारणच उरलं नाही. त्यांनी पान उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागल्या, माझ्यासमोर, माझ्याच अक्षरातलं: "सोळा एप्रिल. तीन चाळीस. पूर्ण वाढीची अळी, तिसऱ्या झाडाच्या खालच्या फांदीवरून धाग्याने उतरू लागली. चार दहा. जमिनीवर. चार पंचवीस. खोडापासून साडेतीन हात चालली, वाळल्या पानाखाली शिरली. चार चाळीस. मातीत डोकं घातलं. पाच पाच. दुसरी अळी उतरली. पाच वीस. तिसरी. सहा दहा. उजेड संपत आला. पहिल्या जागेला खूण केली. परत."

वाचून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "अडीच तास! अडीच तास तुम्ही मान वर केली नाहीत. असं हल्ली कोण करतं हो?"

मी म्हटलं, "कुणी करू नये."

त्यांना तो विनय वाटला.

आता तू वाच. बस आणि वाच. अप्पा सहा वर्षांपूर्वी त्याच सोळा एप्रिलला घरातून निघून गेले. पावणेसातला मी घरी आले तेव्हा दार उघडं होतं. तुला मी सांगितलं होतं की मी साडेपाचला पोहोचणार हे अप्पांना सांभाळणाऱ्या मावशींना माहीत होतं, त्यांनी सहापर्यंत थांबायचं ठरलं होतं, आणि त्या न सांगता चारलाच निघून गेल्या. हेच पोलिसांना सांगितलं. हेच मावशींच्या एजन्सीला सांगितलं, लेखी दिलं. दवाखान्याच्या जिन्यात तू माझा दंड धरून विचारलंस, "ताई, खरं सांग, तू कुठे होतीस?" तेव्हा म्हटलं, कामावर होते, मीटिंग लांबली.

मीटिंग नव्हती. मी तुतीखाली पालथी पडले होते, गालाला माती लागेपर्यंत.

मावशींची वेळ आठ ते चार. सहा कधीच ठरलं नव्हतं. पाच वाजता त्यांना दुसऱ्या घरी एका अंथरुणाला खिळलेल्या बाईंकडे जायचं असायचं, हे मला चांगलं माहीत होतं. त्या दिवशी साडेतीन वाजता मी रखवालदाराच्या खोलीतून घरी फोन केला. मावशींनी उचलला. मी म्हटलं, "मी निघालेच. तुम्ही चारला जा. बाहेरून कडी लावू नका, अप्पा घाबरतात."

त्या म्हणाल्या, "मी थांबू का जरा? साहेब आज सकाळपासून बूट मागताहेत. छपाईचा फॉर्म मशीनवर चढलाय, मी गेलो नाही तर चुकीचं छापून जाईल, असं सारखं चाललंय त्यांचं."

"नको नको. मी येतेच आहे."

त्या थांबायला तयार होत्या, चिंगे. मी नको म्हटलं.

आणि मी खरंच निघाले होते. पिशवी खांद्याला लावलेली होती. तेवढ्यात ती अळी फांदीवरून सुटली. तीन वर्षं मी शोधत होते की या कोषाला जातात कुठे. झाडावर कोष नाही, सालीत नाही, बरणीत ठेवलं तर मरायच्या. आणि ही समोर उतरत होती, डोकं खाली, हळूहळू, धागा सोडत. मला वाटलं, जमिनीला टेकेपर्यंत बघू. मग वाटलं, कुठे जाते तेवढं बघू. घड्याळ मी प्रत्येक वेळी पाहिलं, पान साक्षीला आहे. चार वाजलेले मला दिसले. चार दहा मी स्वतःच्या हाताने लिहिलं. तेव्हा घरी अप्पा एकटे होते आणि मला ते माहीत होतं.

विसरले असते तर गोष्ट निराळी. मी विसरले नव्हते.

पुढचं तुला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते छापखान्याच्या जुन्या जागेच्या पायरीवर सापडले. तिथे आता टायरचं दुकान आहे. रात्रभर पाऊस झाला होता. दुकान उघडायला आलेल्या माणसाला ते म्हणाले, "फॉर्म थांबवलात ना?" तो म्हणाला, "हो, थांबवला." कोण कुठला टायरवाला, पण शहाणा माणूस. मग नऊ दिवस न्यूमोनिया.

मातीतला तो कोष मी मे महिन्यात उकरून आणला. दोन बोटं खोल होता, तपकिरी, चकचकीत, खजुराच्या बीएवढा. का आणला, विचारू नकोस. पुढच्या फेब्रुवारीत त्यातून मादी निघाली. ज्या नमुन्यावर अप्पांचं नाव लागणार, तो हाच.

दोन दिवस ताप होता. आता नाही. पेटीत पत्र टाकायला जाते, नाहीतर पाचव्यांदा हवामान लिहीन.

ताई

५ एप्रिल

चिंगे,

तुझं उत्तर येईल असं आता धरून चालत नाही, पण सांगायला दुसरं कुणी नाही.

मी मावशींना शोधलं. एजन्सीने पत्ता द्यायला नकार दिला. मग ज्या अंथरुणाला खिळलेल्या बाईंकडे त्या पाचला जायच्या, तिथे गेले. त्या बाई कधीच्याच वारल्या, पण त्यांच्या सुनेने सांगितलं, मावशी आता लाँड्रीत असतात, मोठ्या इस्पितळाच्या चादरी धुतात तिथे.

लाँड्री म्हणजे एक लांबलचक शेड. आत वाफ इतकी की माणसं अर्धीच दिसतात. मावशी टेबलापाशी उभ्या राहून समोरच्या बाईबरोबर चादरींच्या घड्या घालत होत्या. चार पावलं पुढे, टोकाला टोक, चार पावलं मागे. मला पाहिलं आणि ओळखलं. घडी मात्र पूर्ण केली.

"बोला ताई."

"मावशी, मी माफी मागायला आले."

"सुट्टी एक वाजता होते. तोवर बाहेर बसा."

मी दीड तास बाहेर खोक्यावर बसले. एक वाजता त्या डबा घेऊन आल्या, माझ्या शेजारी बसल्या आणि जेवायला लागल्या. मला विचारलं नाही. मी सगळं सांगितलं, फोनपासून. त्या चावत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे मला का सांगता? फोन मीच उचलला होता."

त्यांनी भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला.

"सहा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "एजन्सीने रजिस्टरात लाल शाईने लिहिलं, 'रुग्ण टाकून गेली.' मी एकवीस वर्षं माणसं सांभाळली, ताई. तोंडात घास घातले, कूस बदलली, कुणाला एक फोड येऊ दिला नाही. साहेबांना मी दाढी करून द्यायचे तेव्हा ते मला म्हणायचे, बाई, तुमच्या हातात एकही चूक नाही. त्या माणसाला मी टाकून गेले?"

"मावशी, मला माफ..."

"माफी नको मला. कागद हवा. लेखी दिलं होतंत ना तेव्हा? तसंच लेखी द्या."

मावशींच्या सुनेला हेच काम करायचं आहे. शिकली आहे, हात चांगला आहे, पण त्याच एजन्सीने सासूचं नाव बघून परत पाठवलं. मावशी आता एकसष्ट वर्षांच्या आहेत, स्वतःसाठी काही मागत नाहीत.

मग त्यांनी डबा धुतला, झाकण लावलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "धाकट्या ताईंना तुम्ही सांगितलंत का?"

"पत्र लिहिलं."

"त्यांना माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सगळं. साहेब गेले त्याच्या चौथ्या दिवशी आल्या होत्या माझ्या घरी. मी होतं तसं सांगितलं. म्हणाल्या, मी जाते एजन्सीत आणि सांगते. मी म्हटलं, नको. तुम्ही सांगितलंत तर ते म्हणतील, बहिणी-बहिणींचं वाजलंय. ज्यांनी लिहून दिलं, त्यांनीच खोडायला हवं. तेव्हा त्या म्हणाल्या, आणि दर वर्षी मला भेटायला येतात तेव्हाही म्हणतात, ताई सांगेल. थोडे दिवस द्या तिला."

थोडे दिवस द्या तिला.

चिंगे, मी सहा वर्षं समजत होते की अप्पा माझ्या हातून गेले म्हणून तू मला टाकलंस. आणि मनातून मला थोडा रागही होता तुझा, की तू दूर राहून, वर्षातून दोनदा येऊन, हिशोब मात्र माझ्याकडे मागतेस. तुला तर सगळं ठाऊक होतं. तू फक्त वाट बघत होतीस की मी कधी बोलते. आणि दर वर्षी मावशींकडे जाऊन येत होतीस. या शहरात. माझ्या घरापासून दोन बस बदलून.

मी दुसऱ्याच दिवशी एजन्सीत गेले. जुना मॅनेजर नाही, नवा आहे, त्याला मागचं काही माहीत नाही. मी चार ओळी लिहून नेल्या होत्या: ठरलेली वेळ चारची होती; मी स्वतः त्यांना जायला सांगितलं; त्यांनी थांबायची तयारी दाखवली होती; मी सहा वर्षांपूर्वी दिलेला जबाब खोटा आहे. त्याने वाचलं, मग मला वाचलं.

"एवढ्या वर्षांनी कशाला, बाई? उगाच तुमच्यावर यायचं."

"येऊ दे."

"काही होणार नाही तसं. पण कागदावर राहील."

"कागदावर राहावं म्हणूनच आले."

त्याने रजिस्टर काढलं. लाल ओळ खरंच होती. त्याने तिच्यावर रेघ मारली, बाजूला तारीख टाकली, माझी सही घेतली आणि माझा कागद तिथे टाचून टाकला. सुनेला सोमवारी भेटायला सांगितलं आहे.

घरी आले. बरण्यांतल्या अळ्या पानं खात होत्या. खूप शांत खोली असली तर ते ऐकू येतं, कुणीतरी दूरवर कागद फाडतंय तसं. सहा वर्षांत ही खोली तेवढी शांत कायमच होती.

ताई

१७ एप्रिल

चिंगे,

चष्मेवालीला मी सांगितलं, अप्पांचं नाव नको.

त्या गोंधळल्या. "अहो, पण तुम्हीच म्हणालात. मी मसुद्यात लिहिलंय. इतकी सुंदर गोष्ट आहे ही, मुलगी संशोधन करते, वडील लेबलं तपासतात."

मी त्यांना खरं सांगितलं. सगळं नाही, जेवढं त्या पानाला लागून आहे तेवढं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग विचारलं, "पान छापायचं की नाही?"

"छापा. ते खरं आहे. त्या दिवशी लिहिलेलं तेवढंच खरं आहे."

"आणि नाव?"

"तुतीवरून द्या. ती तुतीवर जगते, यात कुणाला हरकत घेता येणार नाही."

मावशींचं नाव द्यावं असंही माझ्या डोक्यात आलं होतं. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "माझं नाव किड्याला? सुनेच्या माहेरी काय तोंड दाखवू?" आणि पहिल्यांदा हसल्या. सून कामाला लागली आहे. एका म्हाताऱ्या शिक्षकांकडे. ते तिला रोज पाढे म्हणायला लावतात म्हणे.

काल सोळा तारीख होती. पाणीपुरवठा केंद्रावर गेले नाही. घरीच राहिले, दिवसभर. दुपारी तीन ते सात मी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून होते, समोर दार. काही केलं नाही. चार तास म्हणजे केवढे, हे मला तुतीखाली कधीच कळलं नव्हतं. अप्पांनी त्यातला किती वेळ माझी वाट पाहिली असेल आणि बूट घालायला किती वेळ लागला असेल, त्यांना नाड्या बांधता येत नव्हत्या. दवाखान्यात आणलं तेव्हा मी पाहिलं होतं. दोन्ही बुटांच्या नाड्या नीट बांधलेल्या होत्या. कुठल्या तरी रस्त्यावर, कुणीतरी खाली बसून बांधून दिल्या असतील, आणि पुढे जाऊ दिलं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. ते माणूस कोण असेल, याचा मी फार विचार करते.

मी तुझ्याकडे आता संमती मागत नाही. काहीच मागत नाही. लिहायची सवय लागली, म्हणून लिहिलं.

ताई

२९ एप्रिल

चिंगे,

तुझं कार्ड काल आलं. मी ते दाराच्या फटीतून आत पडताना पाहिलं आणि उचलायला उठलेच नाही. आधी चहा केला, प्यायले, कप धुतला, मग कार्ड उचललं.

"पत्रं मिळाली. सगळी वाचली. राग अजून आहे, तो गेला की नाही ते मला ठाऊक नाही. रविवारी अकरा वाजता मावशींकडे येते आहे. तुला यायचं तर ये."

एवढ्याच ओळी. अक्षर तुझं बदललेलं नाही, 'र' अजून पडायला आल्यासारखा. अप्पा असते तर पेन्सिल शोधली असती.

मी येणार आहे. मावशींना कळवलं तर त्या फोनवर म्हणाल्या, "दोघी या. पण माझ्यासमोर रडायचं नाही, मला दोनला पाळीवर जायचंय. आणि साहेबांवरून भांडायचं असेल तर जिन्यात जा, घरात सुनेने जपून टाकलेल्या चादरी आहेत."

मला भीती वाटते आहे, ती लपवत नाही. तू काय बोलशील याची नाही. तू बोलणारच नाहीस, मावशींकडे बघून हवापाणी विचारशील आणि अकराला येऊन बाराला निघून जाशील, याची. तसं केलंस तरी माझी तक्रार नसेल. मी तासभर त्याच खोलीत बसलेली असेन, तेवढ्यावर मी बरेच दिवस काढू शकते. याची मला सवय आहे.

एक सांगायचं राहिलं. माझे केस पूर्ण पांढरे झालेत आणि उजव्या कानाने कमी ऐकू येतं. तेव्हा जिन्यात गाठ पडली आणि मी वळले नाही, तर मुद्दाम केलं असं समजू नकोस. डाव्या बाजूने ये. ताई म्हण, नाहीतर नुसतं 'अहो' म्हण, किंवा इतरांसारखं 'बाई' म्हण. जे तोंडात येईल ते म्हण.

मी ओ देईन.